उपासाच्या दुसऱ्या दिवशी मोजलेली विहीर

पाणी नको, नुसता आवाज पाहिजे, असं सांगून माझं इंजिन भाड्यानं नेणारं एक गिऱ्हाईक मला भेटलं होतं. बोदलकसाकडच्या एका गावचे पाटील. त्यांच्या मुलीचं लग्न होतं. शेजारच्या गावच्या पाटलांनी आपल्या घरच्या लग्नात बँड आणला होता, म्हणून यांना मांडवाशेजारी इंजिन धडधडायला हवं होतं. मी म्हटलं, "पाटील, रिकामं चालवण्यापेक्षा पाणी तरी उपसू." ते म्हणाले, "उपसा ना जी. उपसा अना परत त्याच इहिरीत टाका." दिवसभर मी तेच केलं. सगळं वऱ्हाड इंजिनाभोवती, नवरदेवाकडे कोणी बघेना. भाडं मी नेहमीपेक्षा दीडपट लावलं. मूर्खपणाचा भाव ज्यादाच असतो.

हे लिहायला सांगणाऱ्या संपादकांना असलेच किस्से हवे होते. माझ्याजवळ ते भरपूर आहेत. पण आमगावच्या बाजूला आजही माझं नाव निघतं ते अशा किश्शांमुळे नाही. "इंजिनवाल्यानं टोलीचं पाणी पळवलं" या एका वाक्यामुळे निघतं. हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकून घेतलं. आता वय झालं, हातानं हँडल फिरत नाही, तेव्हा माझी बाजू लिहून टाकतो. ज्याला पटेल त्याला पटो.

मी कोणाच्या जिवावर वर आलो नाही. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये तेल घालायच्या कामाला लागलो. मिलच्या विहिरीवर एक लहान इंजिन होतं. ते भंगारात काढायचं ठरलं तेव्हा मी मालकाशी महिनाभर घासाघीस केली आणि ते उचललं. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, नुकतीच संपली होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात. खेड्यात वीज नव्हती, धानाला तलावाचं पाणी आणि भाजीपाल्याला विहिरीचं, तेही माणसाच्या नाहीतर बैलाच्या ताकदीवर. मी इंजिन आणि पंप बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, घालून गावोगाव भाड्यानं फिरवू लागलो. ज्याची विहीर, त्याच्या बांधावर माझा मुक्काम. स्वयंपाक माझा मीच करायचो.

हा धंदा बाहेरच्यांना वाटतो तेवढा सोपा नाही. पंप पाणी खालून वर ढकलत नाही, तो ते ओढतो, आणि ओढण्याची त्याची ताकद जेमतेम वीस-बावीस फुटांची. पाणी त्याहून खाली गेलं की पंपच विहिरीत उतरवावा लागतो. पाइपाच्या बुडाशी फूटव्हॉल्व्ह असतो, त्याला आमच्याकडे सगळे फुटबॉलच म्हणतात. तो उघडा पडला की पंप हवा ओढतो आणि कोरडा तापून जाम होतो. म्हणून कमजोर विहिरीवर मी इंजिन लावत नसे. आधी विहीर तपासायची. माझ्याजवळ एक दोरी होती, हात-हात अंतरावर गाठी मारलेली. सकाळी पाणी मोजायचं, सहा तास उपसा करायचा, पुन्हा मोजायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी किती गाठी वर आलं ते पाहायचं. विहीर तेवढ्यात सावरली तर सौदा, नाहीतर बंडी पुढच्या गावाला. आणि एक गोष्ट मी कधी करत नसे. सौदा ठरण्याआधी प्रश्न विचारत नसे. विचारणारा माणूस अडाणी दिसतो, आणि अडाणी माणसाला भाव मिळत नाही. या एका सवयीवर मी पोट भरलं. माझं नुकसानही हिनंच केलं.

आमगावपासून दोन कोसांवर ती टोली, म्हणजे लहानशी वस्ती, होती. नाव लिहीत नाही, माणसं अजून आहेत. तिथे नाल्याच्या काठानं नऊ बाड्या, म्हणजे भाजीचे मळे, आणि प्रत्येक बाडीत दगडाच्या थरांनी बांधलेली एक विहीर. पाणी काढायला टेडे होते. टेडा म्हणजे खांबावर पेललेली लांब लाकडी बल्ली, एका टोकाला दगड बांधलेला, दुसऱ्या टोकाला दोरी आणि बादली. माणूस दोरी खाली ओढतो, दगडाच्या वजनानं भरलेली बादली वर येते. सगळ्यांत मोठी बाडी सोमाजीची. पन्नाशीचा, गोड बोलणारा माणूस. त्याला ऊस लावायचा होता आणि उसाला टेड्याचं पाणी पुरणार नव्हतं. पौषात तो मला आमगावच्या बाजारात भेटला आणि म्हणाला, "पाडव्याच्या सकारी या जी. अवसेच्या दुसऱ्या दिवशी. तोच दिवस चांगला हाय." मला वाटलं, मुहूर्त बघणारा माणूस असेल.

मी आदल्या दिवशी संध्याकाळीच पोचलो. नऊच्या नऊ टेडे खांबांना बांधलेले. विहिरींवर चिटपाखरू नाही. मी कारण विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू केलं तेव्हा सगळी टोली बघायला जमली. बायका, म्हातारे, कडेवर पोरं, सगळे. दिवसभर कोणी टेड्याला हात लावला नाही. सहा तास उपसा केला, पाणी सात गाठी खाली गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर साडेसहा गाठी परत वर. अशी विहीर मी त्या भागात पाहिली नव्हती. मी सोमाजीला सगळ्यांसमोर शब्द दिला की पाऊस पडेपर्यंत रोज सहा तास पाणी देईन. सोमाजीनं त्या भरवशावर ऊस लावला.

मी बाडीतच एका झोपडीत राहू लागलो. पहाट झाली की टेडे सुरू होत आणि त्याबरोबर तोंडं. एका विहिरीवरून दुसऱ्या विहिरीवर गप्पा चालत, पार नाल्यापर्यंत.

"ओ फत्तू, तुहा टेडा कराहून राहिला. तेल पाज त्याले."

"माह्या टेड्याले तेल नाही लागत, तुह्या तोंडाले लागते."

"मंग तुह्या बायकोनं काल कायले घासलन तुले? आमच्या घरापर्यंत आवाज आला."

मी चहा पीत ऐकत असे. मला कोणी त्यात ओढलं नाही. आठ वाजता मी हँडल फिरवायचो, आणि त्या आवाजात त्यांचं बोलणं बुडून जायचं. पहिले काही दिवस ते ओरडून बोलायचा प्रयत्न करत. मग त्यांनी सोडून दिलं. माणसं खाली मान घालून दोरी ओढत आणि घरी जात. इंजिनाजवळ सहा तास एकटं बसण्याची मला सवय होती, पण माझ्यामुळे आणखी आठ विहिरींवर आठ माणसं एकटी पडलेली मी प्रथमच पाहिली.

माझ्याशी बोलायची ती एकटी भागरताबाई. तिची बाडी सोमाजीच्या बाडीला लागून, तिची विहीर माझ्या इंजिनापासून तीस पावलांवर. विधवा, साठीकडे झुकलेली. नवरा गेल्यावर दिरानं बोलावलं तरी गेली नव्हती. वांगी, मिरच्या, कांदे, सगळं एकटी करायची आणि डोक्यावर टोपली घेऊन आमगावला विकायची. दुपारी मी इंजिन बंद केलं की ती गाडग्यात तांदळाची पेज आणून ठेवायची.

"पी रे बाबू. तुह्या हातची भाकर पाहून माह्या बैलाले बी रडू येईन."

"तुमच्याकडे बैल कुठं आहे मावशी?"

"म्हनून तं नाही रडत."

ती गेली की दिवसभरातलं माझं बोलणं संपायचं.

माघ निम्मा सरला तेव्हा माझी दोरी मला वेगळं सांगू लागली. सकाळचं पाणी आदल्या सकाळपेक्षा अर्धी गाठ खाली, मग एक गाठ. मी पंप विहिरीत फळीवर उतरवला. भागरताबाईच्या टेड्याची दोरी दोनदा वाढवावी लागली. तिनं मला एकदाच म्हटलं, "बाबू, ही इहीर गेली तं बाडी गेली. बाडी गेली तं दिराच्या दारात जा लागते. अना त्या दारात मी जात नाही." मी म्हटलं, "मावशी, मी मोजून बघितलंय. पाणी आहे." मला तसं खरंच वाटत होतं, निदान अर्धं तरी.

पुढची अमावास्या आली. सकाळी पाहतो तर पुन्हा सगळे टेडे बांधलेले. मी हँडल लावलं तशी भागरताबाई समोर येऊन उभी राहिली.

"आज इंजिन बंद ठेव. आज इहिरीचा उपास हाय."

तेव्हा मला कळलं. टोलीत कित्येक पिढ्यांची रीत होती. अमावास्येला एकाही विहिरीतून थेंब काढायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वडीलधारी माणसं प्रत्येक विहिरीत वाकून बघत, पाण्याच्या वर दगडाचे किती थर उघडे आहेत ते मोजत आणि त्यावरून ठरवत की या महिन्यात कोणी किती वाफे भिजवायचे. थर जास्त उघडे, तर सगळ्यांचेच वाफे कमी. खालचा मुरूम भिजलेल्या गोणपाटासारखा, नऊ जण एकच गोणपाट पिळत होते, हे त्यांना कोणी शिकवल्याशिवाय ठाऊक होतं. मी विहिरीत दोरी सोडली होती ती उपासाच्या दुसऱ्या दिवशी. त्यात आणखी एक दिवस सगळे इंजिन बघत उभे होते. नऊ विहिरींनी दोन दिवस साठवलेलं पाणी एका विहिरीत येताना पाहून मी तिला बलवान ठरवलं होतं.

"मला सांगितलं का नाही मावशी?"

"तू इचारलास का? तू तं असा मोजून राहिला होतास, जसा सारा मालूम हाय तुले. आमाले वाटला, इंजिनवाल्याचा हिसाब वेगरा असन. अना सोमाजी म्हने, साऱ्यायले पाटाचं पानी देतो."

मी तसाच सोमाजीकडे गेलो. तो अंगणात दोरखंड वळत बसला होता.

"सोमाजी, मला पाडव्यालाच का बोलावलंत?"

त्यानं वर न बघता हसून म्हटलं, "तुमीच तं बाजारात सांगून राहिले होते, कमजोर इहिरीवर इंजिन लावत नाही म्हनून."

"म्हणजे तुम्ही मला फसवलंत."

"फसवलो कायले जी? दोरी तुमची, गाठी तुमच्या, मोजले तुमी."

इतक्या वर्षांत मला सौद्यात कोणी खाली पाडलं नव्हतं. एका बाडीवाल्यानं दिवस निवडून मला गाठलं आणि सगळी टोली बघत उभी राहिली. ही माझी तक्रार आहे आणि ती मी मरेपर्यंत करणार. पण ज्या गोष्टीची तक्रार करायला दुसरं कोणी नाही, ती आता सांगतो.

त्या क्षणी इंजिन बंद ठेवायला मला पूर्ण कारण होतं. खोट्या मोजणीवर दिलेला शब्द मला बंधनकारक नव्हता. बंडी जोडली असती तर कोणी अडवलं नसतं. भागरताबाईच्या विहिरीत तेव्हा दोन हात पाणी होतं. पण रागात दुसरी माणसं हात उचलतात, मी भाव उचलतो. मी म्हटलं, "ठीक आहे. आता गुळात चौथा हिस्सा माझा, नाहीतर आत्ता पंप वर काढतो." सोमाजीचा चेहरा उतरला. तो आठव्या हिश्शापासून सुरू झाला. मी उठून दोनदा फाटकापर्यंत गेलो, दोनदा त्यानं हाक मारली. शेवटी चौथ्या हिश्शावर त्याला आणलं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मी जिंकलो होतो.

आणि जिंकल्याच्या भरात, त्याच दिवशी, विहिरीच्या उपासाच्या दिवशी, मी इंजिन सुरू केलं. आठ टेडे बांधलेले. भागरताबाई आपल्या बांधलेल्या टेड्याजवळ उभी. ती काही बोलली असेल तर आवाजात ऐकू आलं नाही. दुपारी पेज आली नाही. त्यानंतर कधीच आली नाही.

होळीच्या आधी तिच्या बादलीत चिखल येऊ लागला. मग चिखलही नाही. वांग्यांची पानं दुपारची मान टाकत, ती सकाळीही उठेनाशी झाली. एक दिवस सोमाजी बाजारात गेल्याचं बघून मी पाटाला खोरं मारलं आणि सोमाजीचं पाणी तिच्या बाडीकडे वळवलं. मला वाटलं, निदान मिरच्या तरी वाचतील. पाणी तिच्या पहिल्या वाफ्याशी पोचलं तशी ती आली, वाकून मातीचं ढेकूळ उचललं आणि पाटाच्या तोंडात दाबलं. वरून पायानं घट्ट केलं. मी इंजिन थांबवून धावत गेलो.

"मावशी, घ्या ना. सोमाजीला मी बघून घेईन."

"हे सोमाजीचं पानी नाही. माह्या इहिरीचं हाय. माहं पानी मलेच देऊन उपकार कायले करून राहिलास?"

मला राग आला. खरं सांगतो, तेव्हाही आला. मी म्हटलं, "मग मरू द्या मिरच्या." ती म्हणाली, "हव," आणि गेली.

चैत्रात ती दिराच्या गावाला गेली. टेड्याची बल्ली तिनं उतरवून झोपडीला टेकवून ठेवली होती. पंधरा दिवसांत फत्तूची विहीर गेली, आणखी दोघांच्या गेल्या, आणि वैशाखात सोमाजीच्या विहिरीत काळा खडक उघडा पडला. खडकाला विचारून पाणी मिळत नाही. फुटबॉल उघडा पडला, पंप हवा ओढू लागला. कमरेएवढा ऊस उभ्याउभ्या वाळला. गूळच झाला नाही, त्याचा चौथा हिस्सा मला कुठला मिळणार! मी इंजिन बंडीवर चढवलं तेव्हा टोली पुन्हा बघायला जमली होती. गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "चालला पानी घेऊन." कोण म्हणालं ते मला माहीत नाही. पण सोमाजी त्याच गर्दीत उभा होता आणि इतरांसारखीच मान हलवत होता.

ते वाक्य तिथे जन्मलं. पुढे ते माझ्याआधी गावोगाव पोचू लागलं.

पाऊस त्या वर्षी चांगला झाला. कार्तिकात मला पलीकडच्या एका गावानं बोलावलं, आणि जाताना बंडी मी टोलीवरून नेली. विहिरी भरल्या होत्या. भागरताबाईच्या विहिरीतलं पाणी तर हातानं घ्यावं इतकं वर, वर शेवाळ धरलेलं, कारण उपसणारं कोणी नव्हतं. बाडीत गवत. फत्तू म्हणाला, "ते नाही आली. दिराच्या घरी तं महिनाभर बी नाही राह्यली. आमगावात मिलमध्ये धान वाळवून राहिली."

मी आमगावला मिलसमोर बंडी उभी केली. अंगणात उकडलेले धान पसरले होते आणि सात-आठ बाया पायानं ते फिरवत होत्या. भागरताबाई टोकाला होती. वाळलेली दिसली. मी म्हटलं, "मावशी, विहीर भरली तुमची. चला, टेडा मी उभा करून देतो. माझी मजुरी नको."

ती पाय चालवतच म्हणाली, "मजुरी नको म्हनतोस? बिमार हायेस का?"

बाजूच्या बाया हसल्या. मीही हसलो. पहिल्यांदा कितीतरी महिन्यांनी.

"बाडी मी फत्तूच्या पोराले देऊन टाकली," ती म्हणाली. "अना इहीर भरली म्हनतोस, तं पुढच्या साली कोनी दुसरा इंजिन आनन. सोमाजी का गप बसन? मले पुन्हा नाही पाहवत ते." तिनं रस्त्यावरच्या बंडीकडे बघितलं. "आता कोठी चाललास हे घेऊन?"

मी गावाचं नाव सांगितलं.

तिचे पाय थांबले. "तेथं माही लहान बहीन हाय. तिची बी बाडी हाय." एवढंच बोलली. जाऊ नको म्हणाली नाही. मुकादमानं हाक मारली तशी ती पुन्हा धान फिरवू लागली.

मी त्या गावाला गेलो. शब्द दिला होता. पण तिथे मी तीन दिवस नुसता बसलो आणि आयुष्यात पहिल्यांदा सौद्याआधी प्रश्न विचारले. पाणी कधी काढता, कधी काढत नाही, कोणाची विहीर आधी आटते, कोणाची शेवटी. मग सगळ्यांना टेडे चालवायला लावले, आणि ते चालू असताना दोरी सोडली. रात्रीतून पाणी दोन गाठीही सावरलं नाही. मी सांगितलं, हे काम मी घेत नाही. पंचांना राग आला. ते म्हणाले, आगाऊ भाव वाढवायचा हा डाव आहे. माझी ख्याती तशी होतीच, त्यांना दोष देत नाही. त्यांनी भाव वाढवून दिला. मी नाही म्हटलं. त्यांनी आणखी वाढवला. घासाघिशीत मला कोणी इतकं चढवून दिलेलं नव्हतं, आणि मी बैल जुंपत होतो.

तेव्हा बायकांतून एक पुढे आली. तोच चेहरा, वीस वर्षांनी लहान. नाव विचारायची गरज नव्हती.

"टोलीले तं चार महिने पानी देल्लास," ती सगळ्यांदेखत ओरडली, "अना आमी का मेलो? आमची बाडी बाडी नोहे का? श्रीमंताच्याच बांधावर जाते का तुहं इंजिन?"

मी तोंड उघडलं होतं. तिच्या बहिणीचं नाव माझ्या जिभेवर होतं. पण मग टोलीचं सगळंच सांगावं लागलं असतं, चौथ्या हिश्शासकट. मी बैलांना हाकललं. गाव संपेपर्यंत ती मागून बोलत होती.